बिरूअप्पांचा शोअर पास

आमच्या वर्गात मी वयानं सगळ्यांत मोठा आहे. सोबतची मुलं मला 'बोटवाले' म्हणतात. धाराशिवपासून समुद्र इतका लांब आहे, की बोटीवर नोकरी केलेला माणूस इथं नवलाचा वाटतो. म्हणून या दिवाळी अंकाचं काम बघणारे आमचे मराठीचे सर मला म्हणाले, "तुम्ही बोटीवरच्या गमतीजमती लिहा." मी हो म्हणालो. खोलीवर येऊन लिहायला बसलो. गमती आठवत होत्या, लिहूनही होत होत्या. पण एक संपून दुसरी सुरू व्हायच्या आत एक माणूस मनात येऊन उभा राहायचा. त्याला टाळून तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आता त्याच्यासकट लिहितो. परीक्षेच्या पेपराखेरीज लिहिण्याची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी मुरुमचा. वडील तिथल्या अडतीत हमाल. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला मी. पहिल्या यत्ता निजामाच्या अमलात उर्दूतून केल्या, पोलीस ॲक्शननंतर मराठीतून शिकलो, आणि आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मॅट्रिक झालो. वडील ज्या दुकानात पोती उचलत, त्या शेटजींचे एक नातलग मुंबईत आगबोटींच्या एजंटाकडं होते. या पोराला उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही लिहिता येतं, एवढ्यावर त्यांनी मला बोटीवर लावून दिलं. समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो नोकरीच्या दिवशीच.

बोटीच्या कचेरीतल्या मुख्य अधिकाऱ्याला पर्सर म्हणतात. उतारूंची यादी, सामान, तक्रारी, कागदपत्रं, सगळं त्याच्या हाताखाली. मी त्या पर्सरसाहेबांचा क्लार्क. आमची बोट मुंबईहून निघून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदरं घेत जायची आणि तशीच परत यायची. बंदर आलं की बोट दिवस-दोन दिवस थांबते. आठ-आठ दिवस नुसतं पाणी बघून उतारू कंटाळलेले असतात. त्यांना गाव बघायचं असतं, खलाशांना बाजार करायचा असतो. पण परक्या मुलखात असं सहज उतरता येत नाही. पासपोर्ट प्रवासभर पर्सरच्या तिजोरीत असतात. बंदरात तिथला अधिकारी बोटीवर येतो, यादी तपासतो आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाच्या कार्डावर शिक्का मारतो. ते कार्ड म्हणजे शोअर पास. त्यावर फोटो, नाव, बोटीचं नाव आणि परत यायची वेळ असते. बंदराच्या फाटकावर पोलीस तो बघतात. जाताना गर्दीत फारसं कोणी विचारत नाही, पण परत येताना पासावाचून आत पाऊल टाकू देत नाहीत.

शिडीच्या तोंडाशी टेबल टाकून मी बसायचो. माणूस उतरताना त्याच्या हातात पास द्यायचा आणि रजिस्टरात 'दिला' अशी खूण करायची. तो परत आला की पास घ्यायचा, 'आला' अशी खूण करायची. काम एवढंच. पण एक पास कमी पडला तर बोटीनं एक माणूस त्या देशात चोरून सोडला असा अर्थ निघतो, आणि मग कप्तानापासून क्लार्कापर्यंत सगळ्यांची झोप उडते. म्हणून मी ते काम नेटानं करायचो. दोनशे माणसं उतरली आणि दोनशे चढली, की रजिस्टर मिटताना मला गड जिंकल्यासारखं वाटायचं. वडिलांनी आयुष्यभर पाठीवर पोती मोजली, मी टेबलाशी बसून माणसं मोजतो, असंही मनात यायचं. हा विचार तेव्हा मला चांगला वाटायचा.

गमती म्हणाल तर रोजच्या होत्या. कच्छकडची एक म्हातारी पास हरवू नये म्हणून परकराच्या नेफ्यात शिवून टाकायची. परत आली की फाटकावरचे पोलीस लाजून तोंड फिरवायचे, आणि शिडीपाशी मी कात्री घेऊन उभा. "बेटा, धीरे काप, नवा परकर आहे," म्हणून मलाच दम द्यायची. दोन जुळे भाऊ होते. त्यांतला एक सदा आजारी. धडधाकट भावानं सकाळी स्वतःच्या पासावर गाव बघितलं आणि दुपारी आजारी भावाच्या पासावर पुन्हा बघितलं. मला कळलं तेव्हा म्हणाला, "क्लार्कसाहेब, तोंड तर तेच आहे ना?" बोटीच्या बँडमधला एक वाजवणारा दर बंदराला पास हॅटच्या पट्टीत खोचून जायचा आणि दर बंदराला हॅट कुठंतरी विसरून यायचा.

माझी स्वतःचीही एक चूक होती, आणि ती मात्र आमच्या मुलखाची होती. आमच्याकडं कागद ही बरोबर घेऊन हिंडायची वस्तू नव्हे. कागद पेटीत ठेवायचा, पेटीला कुलूप लावायचं. आमच्या घरात जागेचा एकच कागद होता. रझाकारांच्या गडबडीच्या दिवसांत वडिलांनी तो ज्वारीच्या कणगीत खाली पुरून ठेवला होता, आणि दोन वर्षं आम्ही त्याच्यावरची ज्वारी खाल्ली, पण तळाला हात लावला नाही. "बाजारात कागद नेणारा आणि बाजारात बायकोचे डागदागिने मिरवणारा सारखाच येडा," असं ते म्हणायचे. म्हणून एखादा अडाणी, भांबावलेला माणूस शिडीपाशी आला आणि म्हणाला, "बाबूजी, पास आपही रखिए, मुझसे गुम हो जाएगा," की माझा हात आपोआप ड्रॉवरकडं जायचा. रजिस्टरात 'दिला', आणि पास ड्रॉवरात. एकदा असाच एक म्हातारा फाटकावर अडकला. मी पळत जाऊन पास दाखवला, हसण्यावारी गेलं. पर्सरसाहेबांच्या कानावर आलं, तेव्हा ते हसले नाहीत. मंगळूरकडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "पास माणसाच्या खिशात पाहिजे. तुमच्या ड्रॉवरात असलेला पास कुणाच्याच उपयोगाचा नाही. पुन्हा असं झालं तर मुंबईला उतरा आणि परत येऊ नका." तसं त्यांनी लिहूनही ठेवलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी बिरूअप्पा आमच्या बोटीवर आले.

ते मुरुमजवळच्या एका वाडीचे धनगर. वय पंचेचाळीसच्या पुढं. आमच्या भागातली काळी शेळी दुधाला बरी आणि बहुतेक वेळा जुळं देणारी, म्हणून दारेसलामच्या एका गुजराती बागायतदारानं चाळीस शेळ्या मागवल्या होत्या. मुरुमच्या एका व्यापाऱ्यानं त्या जमवल्या आणि बरोबर राखण म्हणून बिरूअप्पांना पाठवलं. बोटीच्या मागच्या अंगाला डेकवर शेळ्यांसाठी कुंपण घालून लाकडी वाडगं करून दिलं होतं. तिथंच ते घोंगडी टाकून राहायचे. वाडीतल्या लोकांनी त्यांना हसून निरोप दिला होता, की बिऱ्या, अर्धी शेरडं मासे खातील. त्यावर त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं, "चाळीस नेतो, चाळीस उतरवतो. एक जरी कमी आलं तर काठी हातात धरणार न्हाय."

हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं. यादीत मुरुम हे नाव बघून मी मागं गेलो होतो. गावाकडं असतो तर मी त्यांना अप्पा म्हणालो असतो, वाकून नमस्कार केला असता. पण अंगावर पांढरा ड्रेस होता, शेजारी खलाशी उभे होते. मी म्हणालो, "तूच का रे बिरू?"

"व्हय सायब," ते उठून उभे राहिले. मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "तुमी अडतीतल्या मारुती हमालाचं थोरलं न्हवं?"

मी इकडंतिकडं बघितलं आणि "हो" म्हणालो, हळूच.

त्यानंतरही ते मला सायबच म्हणत राहिले आणि मी त्यांना अरेतुरे करत राहिलो. माणूस मोठा गमतीचा. पासावरचा आपला फोटो त्यांनी एकदा मागून घेऊन बघितला. तो धाराशिवला काढलेला. फोटोवाला म्हणाला होता फेटा काढा, हे म्हणाले होते डोकं काढतो पण फेटा न्हाय. शेवटी फेटा कपाळावरून मागं सारून काढला. "ह्यात म्या मेल्यावानी दिसतोय," ते म्हणाले. "माझ्या बायकूला दावलं तर कुकू पुसंल." शेळ्यांना ते नावानं हाका मारायचे. बोट हलायला लागली की जनावरं भिऊन एकमेकांवर चढायची, तेव्हा हे मधे बसून घशातून एक आवाज काढायचे. सगळं वाडगं शांत व्हायचं. जेवणाच्या हॉलमधले वाढपी तो आवाज ऐकायला मुद्दाम मागं जायचे.

मोंबासाच्या आधी तीन दिवस समुद्र खवळला. कडबा भिजला, त्याला वास यायला लागला. शेळ्यांनी खाणं सोडलं. त्यांतली एक चितकबरी पाठ, म्हणजे पहिलटकरीण शेळी, गाभण होती, ती तर उठेना. बंदर दिसलं तेव्हा बिरूअप्पा कठड्याशी उभं राहून झाडं बघत होते. मला म्हणाले, "सायब, ती बाभळीवानी झाडं दिसत्यात. वंजळभर पाला घावला तर समदी उठत्याल. मला खाली सोडा. घटकाभरात येतो."

मी त्यांचं नाव यादीत घातलं. सकाळी दहाच्या सुमाराला ते शिडीपाशी आले. मी पास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा केला, धोतराच्या सोग्यात बांधून बघितला, सोडला, फेट्यात खोचून बघितला, काढला. मागं रांग लागली होती.

"हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बाजारात कागद कुनी नेतं व्हय? झाडावर चढायचं, पाला काढायचा. पडला म्हंजी?"

पर्सरसाहेबांचं बोलणं मला आठवत होतं. आठवत नव्हतं असं लिहिलं तर तेही खोटं होईल. पण मागून एक बाई म्हणत होत्या, लवकर करा; आणि माझ्या मनातही वडिलांचंच होतं, की हा माणूस कागद हरवणार. मी पास ड्रॉवरात टाकला, रजिस्टरात 'दिला' अशी खूण केली आणि म्हणालो, "कोणी विचारलं तर बोटीचं नाव सांग. लवकर ये."

"आलोच," म्हणून ते शिडी उतरले.

दुपारी दोनला फाटकावरून चिठ्ठी आली. एक माणूस डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आला आहे, तुमच्या बोटीचं नाव सांगतो, पास नाही, पास बाबूजवळ आहे म्हणतो. पर्सरसाहेबांनी मला बोलावलं. रजिस्टर त्यांच्यापुढं उघडं होतं आणि त्यांचं बोट त्या खुणेवर होतं.

"पास दिला होता?"

मी त्यांच्या बोटाकडं बघितलं आणि "दिला होता, सर," असं म्हणालो.

पुष्कळदा मी मनात तो क्षण लांबवून बघितला आहे. त्यात विचार केलेला आढळत नाही. आधी ठरवून खोटं बोललो असतो तर कदाचित आधीच थांबलोही असतो. खूण माझ्या हातची होती, ती म्हणत होती 'दिला', आणि मी तिच्यामागं उभा राहिलो.

"मग हरवला असेल," ते म्हणाले. "जा, माणूस तोच आहे का ओळखून या. बोट पाचला सुटते."

म्हणजे मला तीन तास होते. ड्रॉवर शिडीपाशीच होता, किल्ली माझ्या खिशात होती. पास काढून बरोबर न्यायचा आणि साहेबांना म्हणायचं, सर, माझ्याकडंच राहिला. नोकरी गेली असती. मी मुरुमला परत गेलो असतो, वडिलांच्या शेजारी पाठ वाकवून उभा राहिलो असतो. एवढंच झालं असतं. ते एवढंच आहे हे तेव्हा कळलं नाही. मी किल्ली खिशात धरून फाटकाकडं गेलो.

बिरूअप्पा चौकीच्या पायरीवर बसले होते. भारा बाजूला सावलीत ठेवलेला, त्यावर पाणी शिंपडलेलं. मला बघून उठले आणि पोलिसांना म्हणाले, "हे बघा, आमचे सायब आले. म्या बोललो न्हवतो?" त्यांना वाटलं, आता मिटलं.

तिथल्या अधिकाऱ्यानं मला इंग्रजीत विचारलं, माणूस तुमचाच का? मी हो म्हणालो. पास दिला होता? मी हो म्हणालो. मग त्यानं समजावून सांगितलं. विसरलेला पास निराळा आणि हरवलेला निराळा. हरवलेला पास कोणाच्या तरी हाती लागतो, विकला जातो, त्यावर दुसराच माणूस शिरतो. त्यामुळं चौकशी होईपर्यंत याला सोडता येणार नाही. तुमची पुढची बोट येईल तिच्यातून पाठवू. माणूस सभ्यपणानं बोलत होता. माझ्या एका शब्दावर तो विसंबला होता आणि तो शब्द खरा आहे असं त्याला वाटत होतं.

"काय म्हनत्यात?" बिरूअप्पांनी विचारलं.

"पास हरवला तर लगेच सोडता येत नाही म्हणतात."

"हरवला कुठं? तुमच्यापाशी हाय की."

मी म्हणालो, "नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग आला नाही, हे मला अजून सहन होत नाही. त्यांनी धोतराचा सोगा चाचपला. मग फेटा सोडला, पायरीवर पसरला, पुन्हा पुन्हा चाचपला. क्षणभर त्यांना स्वतःचीच शंका आली होती. मी उभा राहून ते बघत होतो.

"सायब, नीट आठवा," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "मेजाच्या खनात टाकला तुमी. म्या बघितलं."

"मी रजिस्टरात बघितलंय. तुला दिलाय."

ते फेटा पुन्हा बांधायला लागले. बांधता बांधता म्हणाले, "बोट कवा सुटतीया?"

"पाचला."

"मग शेरडांस्नी पानी कोन दाविल?"

त्यांनी भारा उचलून माझ्यापुढं ठेवला. "येवढा तरी न्या. आधी चितकबरीला घाला. एकदम घालू नका, मूठमूठ घाला, न्हायतर पोट फुगंल. आन् बोट हलली की त्यांच्यात जाऊन बसा. मानूस बसलेला असला की भीत न्हाईत."

तो भारा मी डोक्यावर घेतला नाही. अंगावर पांढरा ड्रेस होता. मी एक हमाल केला आणि त्याच्या पुढं चालत बोटीवर आलो. माझे वडील हमाल आहेत हे मी वर लिहिलंच आहे.

पाच वाजेपर्यंत मी टेबलाशी बसून होतो. माणसं येत होती, पास देत होती, मी 'आला', 'आला' अशा खुणा करत होतो. ड्रॉवर गुडघ्याला लागत होता. साडेचारला पर्सरसाहेब आले, म्हणाले, "एक कमी?" मी म्हणालो, "तोच, सर." त्यांनी रजिस्टरात सही केली. शिडी उचलली. धक्का मागं सरकायला लागला, तेव्हा फाटकाच्या बाजूला मी बघितलं नाही. तिथं कोणी उभं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

ऊन अजून होतं तेव्हाच मी ड्रॉवर उघडला. पासावर मागं सारलेला फेटा आणि मोठे केलेले डोळे होते. मी तो फाडून समुद्रात टाकला. फोटोचं कार्ड जाड असतं, एकदम फाटत नाही.

मग मी वाडग्यात गेलो. मूठमूठ पाला घातला. मधे बसलो. पण शेळ्या माझ्यापासून लांब कोपऱ्यात दाटून उभ्या राहिल्या आणि बोट कलली की एकमेकींवर पडायच्या. तो घशातला आवाज मी काढून बघितला. मला तो जमला नाही. चितकबरी दुसऱ्या दिवशी मेली. दारेसलामला चाळिसांतल्या एकतीस उतरल्या. उतरवून घेणारा मुनीम विचारत होता, "राखणदार कुठं?" मी म्हणालो, "मागच्या बंदरात राहिला."

'राहिला' म्हणालो मी. मुरुमच्या व्यापाऱ्यापर्यंत ते 'पळाला' होऊन पोचलं. महिन्याभरानं मुंबईत वडिलांचं पत्र मिळालं, शेजारच्या मास्तरांच्या हातचं. त्यात शेवटी होतं: तुमच्या बोटीवरचा बिरू धनगर शेरडं टाकून आफ्रिकेत पळाला असं बाजारात बोलतात, खरं काय ते लिहावे. मी लिहिलं की त्याचा पास हरवला होता, जास्त मला माहीत नाही.

ते पळाले नव्हते. पुढच्या बोटीनं ते आले. पण धनगरानं कळप सोडला ही गोष्ट आमच्याकडं पास हरवला म्हणून पुसली जात नाही. पासच काय, हात तुटला तरी धनगर कळपाबरोबर दिसला पाहिजे. आणि त्यांनी तर चारचौघांत शब्द दिला होता.

मी पुढं वर्षभर नोकरी केली. त्या वर्षात एकही पास ड्रॉवरात ठेवला नाही. पर्सरसाहेबांनी माझं कौतुक करून चांगलं सर्टिफिकेट दिलं. शिक्षण पुरं करायचं म्हणून मी नोकरी सोडली असं सगळ्यांना सांगितलं, ते खोटं नाही, पण पुरंही नाही. शिडीपाशी बसून माणसांच्या हातात कागद दिला, तरी तो मागं राहिला नाही ना, म्हणून मी पुन्हा पुन्हा ड्रॉवर उघडून बघायला लागलो होतो.

कॉलेजात नाव घालायच्या आधी मी त्यांच्या वाडीला गेलो. मनाशी सगळं घोकलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, सकाळची वेळ. वाडीच्या तोंडाशी लिंबाखाली आठ-नऊ माणसं बसली होती. बिरूअप्पा त्यांच्यापासून जरा बाजूला, सुताचा दोर वळत होते. हातात काठी नव्हती. त्यांच्या शेळ्या आता पुतण्या राखतो, हे मागाहून कळलं.

"मारुती हमालाचं पोरगं न्हवं का हे? बोटीवरचं?" एकानं ओळखलं. दुसरा म्हणाला, "या, या. आमचा बी एक बोटवाला हाय की. शेरडं पान्यात आन् हा पाल्यात." सगळे हसले. ही थट्टा जुनी झालेली दिसत होती. हसण्यात नेट नव्हता. बिरूअप्पांनी मान वर केली नाही.

मी त्यांच्याजवळ जाऊन वाकलो. या वेळी अप्पा म्हणालो, तुम्ही म्हणालो. दोघांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की पास माझ्याजवळ होता, मी खोटं बोललो, मी तो फाडला.

ते दोर वळत होते. "ठावं हाय," म्हणाले. "चार दिस वाटलं, म्याच इसरलो आसंन. मग नीट आठवलं. खन उघडल्याला आवाज बी आठवला."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"बोललो की. गावात समद्यास्नी बोललो. कोन ऐकतंय? शिकल्यालं मानूस खोटं कशापायी बोलंल, म्हनले." त्यांनी दोर खाली ठेवला. "मला सांगून काय व्हनार, नागनाथराव? मला ठावंच हाय. त्यास्नी सांगा."

त्यांनी लिंबाखालच्या माणसांकडं मान केली.

मी उठलो. त्या माणसांपुढं जाऊन उभा राहिलो. मला बोलायचं आहे हे त्यांना कळलं, ती गप्प झाली. त्यांतला एक जण वडिलांच्याच अडतीत माल आणायचा. 'मी खोटं बोललो', एवढे तीन शब्द होते. घोकून आलो होतो. मी म्हणालो, "अप्पांचा त्यात दोष नव्हता. पासाच्या कामात जरा गफलत झाली होती."

"गफलत कुनाची?" बिरूअप्पांचे थोरले भाऊ त्यांत बसले होते, त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "ऑफिसची."

"आसं व्हय," ते म्हणाले. आणि मग समजूतदारपणानं बाकीच्यांकडं वळले. "आता अडानी मानूस, त्येला कागद कुठं समजतोय? हापिसाची बी गफलत हुनारच की." सगळ्यांना ते पटलं. एकानं मला तंबाखूची चंची पुढं केली.

मी मागं बघितलं. बिरूअप्पा उठून उभे राहिले होते. माझ्याकडं बघत होते, चौकीच्या पायरीवर बघितलं होतं तसंच. मग म्हणाले, "झालं. ऊन झालंय. आता जेवून जावा."

त्यांच्या दारात मला घोंगडी टाकून दिली. त्यांच्या बायकोनं भाकरी, लसणाची चटणी आणि ताक वाढलं. मी एवढ्या लांबून तिच्या नवऱ्याचा दोष नाही म्हणून सांगायला आलो, याचं तिला बरं वाटलेलं होतं. ती पुन्हा पुन्हा आग्रह करत होती. बिरूअप्पा समोर भिंतीला टेकून बसले होते, ते जेवत नव्हते. तिनं विचारलं, "आनखी अर्धी घालू का?"

मी ताट पुढं केलं.